सर, सोमवारी नवा माणूस येतोय

सर, परवा सायखेड्याला गोदावरीच्या काठी तुमचा दहावा झाला. कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागे सरकलो न सरकलो तोच तो आला. माझ्या शेजारी उभे असलेले आपले फोरमन गांगुर्डे हळूच म्हणाले, "सरांचं काय मागं राहिलं नाय, मॅडम. सुटले." सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र तुमचा रागच आला. तुमचं काही राहिलं नसेल, पण माझं बरंच राहिलंय.

माझे वडीलही आले होते. रामकुंडावर जन्मभर यात्रेकरूंचे विधी करणारा माणूस, पण परवा ते गुरुजी म्हणून आले नव्हते. गर्दीत मागे, चपला हातात धरून उभे होते. परत येताना गाडीत म्हणाले, "माणूस गेला की घरच्यांना धीर द्यायला चार जण येतात. त्याच्या हाताखालच्या माणसांचं कोण बघतं?" ते सहज बोलले, पण मला ते झोंबलं. कारण कंपनीत ते बघायचं काम माझंच आहे. एचआरच्या खुर्चीवर मी बसते.

आणि सोमवारी तुमच्या खुर्चीवर नवे प्रॉडक्शन मॅनेजर बसणार आहेत. हेड ऑफिसचा मेल दहाव्याच्या आदल्या दिवशीच आला. कंपनीला सुतक नसतं. मेल आल्यापासून शॉपवर मशीनपाशी काम करणाऱ्यांचे चेहरे पुन्हा तसे झालेत, तीन वर्षांपूर्वी होते तसे. उज्ज्वलाताई वायरिंग करता करता हात थांबवून दाराकडे बघत बसतात. चहाच्या सुट्टीत एकच विषय. नवा माणूस कसा असेल, कोणाला ठेवेल, कोणाला हलवेल, हीच कुजबुज. एवढ्या कष्टाने तुम्ही उभी केलेली ही टीम पुन्हा विस्कटणार की काय, या भीतीने मला जेवण जात नाहीये. त्या वेळी तुम्ही होतात. आता मी एकटी आहे. म्हणून तुम्ही तेव्हा नेमकं काय केलं होतं, ते आठवायला बसलेय. थोडं भांडायचंही आहे.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. तुम्ही सातपूरच्या कारखान्याचे, मी अंबडची. दोन्हीकडे वीज वाटून देणारी मोठी पॅनेल्सच बनायची, दोन्हीकडे माणसं नाशिकचीच, पण वीस मिनिटांच्या अंतरावर राहून एकमेकांचं तोंड न पाहिलेली. मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी हिशेब मांडला आणि सातपूरचं शेड बंद केलं. शुक्रवारी तिथे नोटीस लागली आणि सोमवारी सगळ्यांना बसमध्ये घालून अंबडला आणलं. तुम्हाला दोन्हीचं मिळून प्रमुख केलं. अंबडच्या गांगुर्डेंना वाटलं, आता सातपूरवाल्यांचं राज्य आलं. सातपूरवाल्यांना वाटलं, आपण आश्रित झालो. दोन महिने झाले तरी कॅन्टीनमध्ये दोन वेगळ्या रांगा आणि दोन वेगळी टेबलं. माल वेळेवर जाईना. हेड ऑफिसमधून स्पष्टच बोललं जाऊ लागलं की जमत नसेल तर हे खातं दुसऱ्या राज्यात हलवू.

मी त्यावर काय केलं, ते तुम्ही मरेपर्यंत विसरला नाहीत. मी पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावला. त्यांनी सगळ्यांना फुगे फुगवायला लावले, डोळे बांधून एकमेकांच्या अंगावर पडायला लावलं. एकाच रंगाचे टी-शर्ट वाटले, छातीवर 'एक टीम, एक स्वप्न'. फोटो झाला, समोसे झाले. दुसऱ्या दिवशी शॉपवर फेरी मारली तर निम्मे टी-शर्ट ग्रीस पुसायला लागले होते. तुम्ही त्यातलाच एक उचलून माझ्या केबिनमध्ये आणलात आणि म्हणालात, "कापड चांगलं हाय बरं का, मॅडम. लय शोषून घेतं."

मी चिडले. म्हटलं, मग तुम्ही सांगा काय करायचं ते. तुम्ही खुर्ची ओढून बसलात. "तुझे वडील रामकुंडावर काय करता?" पहिल्यांदाच मला 'तू' म्हणालात. मी म्हटलं, श्राद्ध, दहावे, अस्थी. "म्हंजे काय करता? लोकांला मोकळं करता. अन् त्यांची पोरगी फॅक्टरीत काय करते? फुगे फुगवते." आणि हसत निघून गेलात. मला इतका राग आला होता की तुम्ही काय म्हणालात त्याचा अर्थ लावायचंही मला सुचलं नाही.

तो अर्थ कळला खंडेनवमीला.

आपल्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा म्हणजे काय असते, ते हेड ऑफिसला कधी कळणार नाही. अंबडला रीत अशी की ज्याची मशीन त्याने पुसायची, त्यानेच हार घालायचा. माणसं रात्री बाजारातून झेंडू आणून घरी बायकोपोरांकडून हार ओवून घेतात. त्या सकाळी सातपूरचे लोकही हार घेऊन आले. सवयीने. आणि शॉपच्या दारात येऊन थबकले, कारण त्यांच्या मशीन इकडे आल्याच नव्हत्या. इथल्या प्रत्येक मशीनपाशी तिचा तिचा माणूस उभा होता. ते लोक हातात हार घेऊन थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांच्यातल्या उज्ज्वलाताई मागे वळल्या, पार्किंगमध्ये गेल्या आणि त्यांनी तो हार स्वतःच्या स्कूटीला घातला. त्यांच्या मागोमाग सगळे. बघता बघता पार्किंगमधल्या गाड्या सजल्या.

गांगुर्डे माझ्याकडे तणतणत आले. "बघितलं का मॅडम? स्कुटीला हार घालतील, पण आपल्या मशीनला नाय. लय मोठी माणसं हाय ती." मी पार्किंगमध्ये धावले. उज्ज्वलाताई म्हणाल्या, "आमची मशीन नाय इथं, मॅडम. दुसऱ्याच्या देवाला न विचारता हात कसा लावायचा?" म्हणजे एकाला जो माज वाटत होता, तो दुसरीचा संकोच होता. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघेही दुखावलेले. मी मध्येच उभी, हातात पेढ्यांचा खोका.

तुम्ही जिन्यावरून सगळं पाहत होतात. खाली आलात आणि ड्रायव्हरला बस काढायला सांगितलीत. मी विचारलं, कुठे? "सातपूरला. सगळ्यांला घेऊन. गांगुर्डे, तुमची माणसं पन." मी हेड ऑफिसची परवानगी म्हणताच तुम्ही हात जोडलेत. "ती आल्यावर घेऊ. आज सण हाय, आज कोन फोन उचलतो?"

बंद शेडचा वास मला अजून आठवतो. वॉचमनने कुलूप काढलं. आत सगळं रिकामं, मशीन केव्हाच विकल्या गेलेल्या, फक्त एका कोपऱ्यात तांब्याच्या पट्ट्या वाकवायची ती जुनी प्रेस मशीन उभी होती. सातपूरचे लोक तिला म्हातारी म्हणायचे. तिचाही सौदा भंगारवाल्याशी झालेला, फक्त क्रेन यायची होती. गांगुर्डे म्हणाले, "विकलेल्या मशीनची पूजा करायची का आता?" तुम्ही म्हणालात, "विकली म्हणून काय झालं? अजून दारात हाय ना?" उज्ज्वलाताईंनी ओढणीने तिच्यावरची धूळ पुसली, तर मागच्या वर्षीचं कुंकू अजून तसंच होतं. त्या तिथेच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. एक रडल्यावर मग कोणाला धरबंध राहिला नाही. शुक्रवारची नोटीस आणि सोमवारची बस यांच्यामध्ये त्या माणसांना रडायला जागाच मिळाली नव्हती.

तुम्ही कोणाचं सांत्वन केलं नाहीत. केबलचा एक रिकामा लाकडी ड्रम पडला होता, त्यावर बसलात आणि म्हणालात, "रडून झालं की अंबडवाल्यांला जरा फिरवून दाखवा. त्यांला वाटतं तुम्ही आभाळातून पडले." मग ते दाखवायला लागले. इथे आम्ही कोंडाळं करून डबा खायचो. या खांबाला टेकून उज्ज्वलाताईंनी नवऱ्याला फोन केला होता, त्यांचं पहिलं पॅनेल टेस्टिंगला पास झालं तेव्हा. इथे पावसात गळायचं, ती बादली बघा, अजून आहे. गांगुर्डे म्हणाले, "आमच्याकडं पन गळतं." सगळे हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा दोन्हीकडची माणसं एकाच गोष्टीला हसली.

आणि मग गांगुर्डेच फुटले. आवाज चढवून म्हणाले, "तुमचं शेड गेलं तर सगळे तुमची विचारपूस करता. माझं टेबल खिडकीपाशी होतं, इतकी वर्षं. तुमच्या वायरिंगला जागा पाहिजे म्हनून एका सकाळी उचलून स्टोअरच्या भिंतीला लावलं. मला कोनी विचारलं का? माझ्या घरात मीच पाहुना झालो." उज्ज्वलाताई म्हणाल्या, "आम्हाला काय माहीत, दादा? आम्हाला सांगितलं की ती जागा रिकामीच हाय." कंपनीने येणाऱ्यांसाठी निदान समोसे तरी आणले होते. आधीपासून असलेल्यांचंही काही गेलंय, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत, बोलला मात्र काहीच नाहीत. त्याबद्दल मी तुमची जन्माची ऋणी आहे, सर. कारण त्या क्षणी तुम्ही एक वाक्य जरी बोलला असतात, तरी मी हट्टाला पेटून फुगे फुगवायलाच परत गेले असते.

परत आल्यावर गांगुर्डे नारळ घेऊन उज्ज्वलाताईंपुढे उभे राहिले. "हा तुम्ही फोडा." त्या म्हणाल्या, "अहो, बायामाणसं कुठं नारळ फोडता?" गांगुर्डे म्हणाले, "मशीनला काय कळतंय कोन फोडतंय?" उज्ज्वलाताईंनी फोडला. पाणी गांगुर्डेंच्या नव्या शर्टावर उडालं.

त्या दिवसाने जादू झाली, असं मी कोणाला सांगत नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा भांडणं झालीच. पण तुम्ही गांगुर्डेंचं टेबल खिडकीपाशी परत आणलंत आणि वायरिंगची रांग वाकडी झाली तर होऊ दिलीत. प्रत्येक कामाला एक इकडचा, एक तिकडचा अशा जोड्या लावल्यात आणि जोडी कोणाशी, ते त्यांचं त्यांना ठरवू दिलंत. रोज पहिल्या चहाला शॉपवर जाऊन उभे राहायचात आणि जो जे विचारेल त्याचं उत्तर द्यायचात. अर्ध्या प्रश्नांना तुमचं उत्तर एकच असायचं, "मला माहीत नाय. कळलं की पयले तुम्हालाच सांगतो." मला वाटायचं, प्रमुख माणसाने असं म्हटलं तर लोक घाबरतील. उलट झालं. तुम्हाला माहीत नाही हे कळल्यावर लोक अफवांना विचारायचे थांबले. माल वेळेवर जायला लागला. खातं नाशिकलाच राहिलं.

आता भांडण. किरणचं भांडण आपलं मिटलंच नाही. खातं हलवायची चर्चा जोरात असताना मी तुम्हाला म्हटलं होतं, अजून काही ठरलेलं नाही, कशाला बोलायचं? तुम्ही दुसऱ्याच दिवशी पहिल्या चहाला सगळं सांगून टाकलंत. टेस्टिंगचा आपला सगळ्यांत हुशार पोरगा किरण, त्याने त्याच महिन्यात सिन्नरला नोकरी धरली. आणि शेवटी खातं हललंच नाही. मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल, तुम्ही बोलला नसतात तर तो थांबला असता. तुम्ही म्हणायचात, "थांबला असता. पन फसून थांबला असता." मी म्हणायचे, असू दे की फसून, आपल्याकडे तर असता. मग तुम्ही विषय बदलून माझ्या डब्यातली मेथीची भाजी मागायचात. ते भांडण मी हरले की जिंकले, मला अजून माहीत नाही. बहुतेक तुम्हालाही माहीत नव्हतं. तुम्ही हट्टाने मला शेवटचा शब्द बोलू दिला नाहीत, एवढं नक्की.

पण खरा राग वेगळाच आहे, आणि तो सांगायला आता तुम्ही समोर नाही. लोकांना खरं सांगा, वेळेत सांगा, त्यांना निरोप घेऊ द्या, असं मला तीन वर्षं शिकवणारे तुम्ही स्वतः मात्र गुपचूप निघून गेलात. जूनमध्ये आठ-दहा दिवस रजेवर गेलात. विचारलं तर म्हणालात, "गावाला द्राक्षाची छाटणी हाय." मी मान डोलावली. मी पंचवटीतली भटाची पोरगी, मला द्राक्षातलं काय कळतं? जुलैमध्ये पुन्हा छाटणी. चेहरा ओढलेला, पँटच्या पट्ट्याला नवी भोकं. मी म्हटलं, शेतात फार राबता वाटतं. तुम्ही हसलात. आता दहाव्याहून परतल्यावर गांगुर्डेंनी सांगितलं, "जूनमध्ये कुठली छाटनी, मॅडम? एप्रिलात झाली की पुन्हा ऑक्टोबरात. मी निफाडचा हाय, मला तेव्हाच कळलं काय तरी वेगळं हाय म्हनून. पन सरांनी सांगितलं नाय, तर आपन कसं विचारायचं?"

म्हणजे एकट्या गांगुर्डेंनी ओळखलं, आणि ओळखूनही तोंड मिटून गप्प बसले. तुमच्या पत्नीने सांगितलं की ती छाटणी नव्हती, दवाखान्याच्या फेऱ्या होत्या, आणि तुम्हाला कोणाच्या डोळ्यांत कीव बघायची नव्हती. मला ते समजतं, सर. पण मान्य नाही. म्हातारीला कुंकू लावायला तुम्ही बस भरून माणसं नेलीत. तुमच्या पायांवर डोकं ठेवायची संधी मात्र एकालाही दिली नाहीत. हे तुमचं चुकलं. मी ते तुमच्या तोंडावर म्हणाले असते आणि तुम्ही मेथीची भाजी मागितली असतीत.

काल रात्री एवढं लिहून मी उठले, चहा केला, तरी सोमवारचं काही सुचेना. नवे साहेब, माने, कोल्हापूरच्या कारखान्यातून येतायत. गेस्ट हाउसची व्यवस्था सांगायची होती, म्हणून आज सकाळी त्यांना फोन लावला. खोली, जेवण, बसची वेळ सगळं सांगून झालं. ते अगदी ताठ आवाजात "हो मॅडम, ठीक आहे मॅडम" करत होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "तिथं किती वर्षं होतात? तिथली माणसं काय म्हणतायत?"

ते म्हणाले, "मॅडम, मला वाटलं तुम्ही टार्गेटचं विचारणार." आणि हळूहळू बोलायला लागले. डिप्लोमा झाल्यापासून तिथेच होते. इकडे मेल आला त्याच दुपारी त्यांनाही बदलीचा मेल आला आणि संध्याकाळपर्यंत चार्ज देऊन टाका, असं सांगण्यात आलं. ज्यांना त्यांनी स्वतः काम शिकवलं, ती पोरं दुसऱ्या शिफ्टला होती. त्यांना सांगायचंही राहिलं. "मी गेलो हे त्यांना ग्रुपवर कळलं असंल," ते म्हणाले आणि एकेका पोराचं नाव सांगू लागले. ज्याच्या धास्तीने माझी सगळी माणसं दाराकडे बघत बसली आहेत, तो माणूस तिकडे त्याच्या दाराकडे बघत बसला होता.

सर, मी काय केलं सांगू? मी म्हटलं, "माने साहेब, सोमवारी इकडे येऊ नका. सोमवारी तुमच्या कारखान्यात जा. दोन्ही शिफ्टना भेटा. सगळ्यांचा निरोप घ्या आणि मंगळवारी या." ते गडबडले. म्हणाले, हेड ऑफिस? म्हटलं, ते माझं मी बघते. अजून कळवलेलं नाही. कळवल्यावर जे व्हायचं ते होवो.

फोन ठेवला आणि मग लक्षात आलं की या गडबडीत आम्हालाही एक दिवस मिळाला. सोमवारी तुमची खुर्ची रिकामी असेल आणि आमच्या डोक्यावर कोणी नसेल. सकाळी शॉप सुरू झालं की मी मशीन बंद करायला सांगणार आहे. मग ज्याला तुमच्याशी जे बोलायचं राहिलंय ते त्याने बोलून घ्यावं. सुरुवात मी करीन, कारण सगळ्यांत जास्त माझंच राहिलंय.